गुडघ्याला सेन्सर बांधण्याआधी

लॅपटॉप, केबल, आर्डुइनो (सेन्सरचं रीडिंग घेणारा छोटा बोर्ड), जास्तीचे सेल. हे सांगायला नकोच. गुडघा किती वाकला ते मोजायला सेन्सर म्हणून कार्बन मिसळलेली २ मिमीची रबरी दोरी (ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो) वापरत असाल, तर १० सेंमीला साधारण दीड किलोओहम भरतात. सर्किटमध्ये दोरीच्या जोडीला लावायचा रेझिस्टर त्याच्याच आसपासचा घ्या. ड्रॉवरमध्ये सापडला म्हणून १० किलोओहमचा लावू नका, रीडिंग बरंच कमी हलतं.

आता दोरी ताणून घ्या. बांधायच्या आधी आणि कॅलिब्रेशनच्याही, म्हणजे रीडिंग कोनांशी जुळवण्याच्याही आधी. मागच्या वेळी आदल्या रात्री मी ताणून दिली, दोरी मात्र न ताणता तशीच राहिली. सकाळी मित्राच्या गुडघ्यावर सरळ पायाचं रीडिंग घेतलं, ९० अंशांचं घेतलं, आणि दहा उठाबशांत दोन्ही खोटी ठरली. परीक्षकांसमोर तो ताठ उभा, स्क्रीनवर गुडघा वाकलेला! कोरं कार्बनचं रबर पहिल्या काही ताणांत मऊ पडतं, आतल्या कणांच्या साखळ्या तुटतात, काही नव्याने जुळतात. याला मलिन्स इफेक्ट म्हणतात. शिवाय जितकं ताणाल तितक्यापुरतंच ते सरावतं. म्हणून उभं राहून गुडघ्याच्या वाटीच्या वर-खाली पेनाने दोन ठिपके काढा, अंतर मोजा, उकिडवं बसून परत मोजा. दोरी त्याहून थोडी जास्त ताणायची, पण मूळ लांबीच्या दीडपटीपुढे नाही. किती वेळा? लागोपाठची रीडिंग जुळेपर्यंत. कंटाळा येतो, तरी करा. रात्रभर पडून राहिली की ती थोडी मूळपदावर येते, त्यामुळे काल ताणली होती हे चालणार नाही.

रबराला सोल्डर धरत नाही, टोकांना क्रिंप करा, म्हणजे धातूची क्लिप दाबून बसवा. टोकं न ताणणाऱ्या पट्टीवर शिवा, नाहीतर गुडघ्याऐवजी शिवलेल्या जोडाची ओढाताण मोजत बसाल. नी-कॅपवर झिगझॅग टाका. सरळ टाका पहिल्याच बैठकीला तुटतो. उघड्या जोडांवर सिलिकॉन लावा, खारट घामातून वीज वाहते. पाय सरळ असतानाही दोरी किंचित ताणलेली हवी. सैल राहिली तर सुरुवातीचे अंश हातचे गेले.

वाकताना आणि सरळ होताना एकाच कोनाला वेगवेगळी रीडिंग येतात, दोन्ही घ्या. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन). व्हिडिओ. फाइलला तारीख.

दोरी ताणलीत? आज सकाळी? मग बांधा.