अँटेना कॅलिब्रेशनची साइट तपासणारं सॉफ्टवेअर: नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्स शिकून ईएमसी लॅबकडे (उपकरणांचा एकमेकांना होणारा विद्युतचुंबकीय त्रास तपासणाऱ्या लॅबकडे) वळणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींनी आधी एक गोष्ट पक्की करावी: हे सॉफ्टवेअर साइट, म्हणजे अँटेना तपासायची धातूच्या पत्र्यांची मोकळी जागा, मोजत नाही. मोजणी नेटवर्क ॲनालायझर हे यंत्र करतं. सॉफ्टवेअर एवढंच सांगतं, की जमीन निर्दोष सपाट धातूची असती तर दोन डायपोलमध्ये (सरळ तारेच्या साध्या अँटेनांमध्ये) सिग्नल किती डीबी घटला असता. सीआयएसपीआर 16-1-5 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हिशेब आणि मोजणी यांतला फरक 1 डीबीतून मोजणीची अनिश्चितता वजा करून उरेल त्याहून कमी हवा.

एक डीबी फार थोडा. वावराच्या धुऱ्यावरच्या तारकुंपणावरून थेट सिग्नलपेक्षा 20 डीबी कमी परावर्तन आलं, तरी 0.9 डीबीपर्यंत चूक होते. म्हणजे जवळपास सगळी मुभा तिथंच संपली.

सरावाला फोरनेकटू (4nec2) हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. दोन आडवे अर्धतरंग डायपोल 10 मीटरवर ठेवा, पाठवणारा 2 मीटर उंचीवर, वारंवारता 300 मेगाहर्ट्झ. घेणारा 1 ते 4 मीटर चढवत न्या. सुमारे 2.63 मीटरवर सिग्नल बुडायला, म्हणजे अगदी क्षीण व्हायला, हवा. भलतीकडेच बुडाला, तर जमीन ‘परफेक्ट’ निवडली आहे का ते बघा. तारेचे तुकडे विषम संख्येत ठेवा, म्हणजे फीड (सिग्नल द्यायची जागा) बरोबर मधल्या तुकड्यावर येतो.

या मॉडेलमध्ये बॅलन (balun, केबल आणि डायपोल यांना जोडणारा भाग) नसतो. त्याचे एस-पॅरामीटर (सिग्नल किती पार जातो, किती परततो ते आकडे) वेगळे मोजून हिशेबात घालावे लागतात. नवखे इथंच अडखळतात, कारण पोर्टांचा क्रम उलटला तरी आलेख अगदी साजरा दिसतो.

आता हिशेब आणि मोजणी यांतल्या फरकाचा वारंवारतेनुसार आलेख वाचा. सगळीकडे सारखाच फरक असेल, तर केबल किंवा ॲटेन्युएटर तपासा. सिग्नल बुडतो तिथंच बिघडत असेल, तर उंची चुकली. लाटा दिसत असतील, तर परावर्तन आहे: दर 30 मेगाहर्ट्झला लाट म्हणजे 10 मीटर जास्तीची वाट. टेप घेऊन तेवढ्या वाटेवरची वस्तू शोधा. 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये अवचित सुळका आला, तर तो बहुधा एफएमचा. साइटला दोष देऊ नका.

आपल्याकडची खरी अडचण काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि साइटवर अंथरलेले धातूचे पत्रे उचलले जातात. माती काढून मुरूम भरल्याशिवाय पत्रा टाकू नये. एप्रिल-मेच्या दुपारी केबलचा ऱ्हासही सरकतो. मोजणी सकाळी उरका आणि प्रत्येक फेरीनंतर अँटेना काढून दोन्ही केबल एकमेकींना थेट जोडून पुन्हा वाचन घ्या.