नवतप्याआधी ग्रो लाइटच्या पिना तपासा

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातोच. 2013 मध्ये तो 47.9 अंशांवर गेला होता. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ग्रो लाइटखाली, म्हणजे रोपांसाठीच्या दिव्यांखाली, मायक्रोग्रीन्स (कोवळी खायची रोपं) किंवा रोपं वाढवत असाल, तर 25 मेला नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत प्रत्येक पिन आणि सॉकेट वायरमनकडून उघडून पाहा. दिवे नंतर.

माझ्या पाहण्यातल्या तिन्ही जळालेल्या खोल्यांत आगीची सुरुवात एक्स्टेन्शन बोर्डापासून झाली होती. हिशेब करा. 200 वॅटचे आठ एलईडी म्हणजे 1600 वॅट, 230 व्होल्टला 7 अँपिअर. संध्याकाळी वस्तीतले कूलर सुरू झाले की व्होल्टेज 200 पर्यंत उतरतं आणि तेच दिवे 8 अँपिअर ओढतात. बोर्डाची पिन 6 अँपिअरची, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) 10 ची. एमसीबी पडत नाही, पिन रोज बारा-चौदा तास भाजत राहते. पिन ढिली असेल तर आणखी वाईट: लोड तेवढाच, पण सांध्यावर उष्णता साठते आणि एमसीबीला ते कळतच नाही. शेजारी वाळलेलं कोकोपीट, थर्माकोल, ग्रीन नेट.

16 अँपिअरचं सॉकेट, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दिव्यांना वेगळी एमसीबी आणि पाण्याची जागा म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच गळेल.

माझी रोजची पद्धत अशी: दिवे लागून तासभर झाला की कोरड्या हाताची पालथी बाजू पिनेच्या प्लास्टिकला लावायची. दहा मोजेपर्यंत धरवत नसेल तर मेन बंद. खोलीत मासळीसारखा वास आला तरी तो तापलेल्या सॉकेटचाच समजा.

आणखी दोन पॅनल लावा, माल दुप्पट निघेल, असं दुकानदार सांगेल. ऐकू नका. डब्यावर 1000 वॅट छापलेलं जांभळं पॅनल जेमतेम शे-दीडशे वॅट ओढताना मी मीटरवर पाहिलंय. ते पैसे वायरमनला द्या. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) मात्र बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचाच घ्या. त्यावर 'टीए 40' लिहिलं असेल तर तो 40 अंशांपर्यंतच्याच हवेसाठी आहे, आणि पत्र्याखाली दुपारी तेवढं तापमान केव्हाच ओलांडतं. म्हणून दिवे रात्री 9 ते सकाळी 9 चालवा आणि ड्रायव्हर रॅकवरून काढून मोकळ्या भिंतीवर लावा. कूलरचा झोत बोर्डावर नको. ओलीने पिना गंजतात.

बाकी कामं:
- ट्रे प्रत्येक खेपेला धुऊन उन्हात वाळवणे
- पाणी खालून, दिवे बंद असताना
- रोपवाटिकेत मर (रोपं कोलमडून मरणं) दिसल्यास ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पावडर) 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, मुळांशी ओतून
- वीज बंद करून ड्रायव्हरवरची धूळ कोरड्या कापडाने, दर आठवड्याला

कोरड्या पावडरचं अग्निशामक दाराच्या बाहेर टांगा, आत नाही. बोर्ड पेटलाच तर मेन स्विचपर्यंत सुखरूप पोचता येत असेल तरच मेन बंद करा, पाणी मारू नका, आणि धूर कोंडला असेल तर ट्रे वाचवायला आत न जाता 101 लावा.