रिकाम्या खोलीचा व्हेंट बंद करू नका

अमेरिका-कॅनडात पहिला हिवाळा काढणारे आपल्यातले बरेच जण पाहुण्यांच्या खोलीतले व्हेंट, म्हणजे गरम हवा येणारी जाळीची तोंडं, बंद करतात. वापर नाही, मग गॅस का जाळायचा? हिशेब सरळ वाटतो, पण फर्नेस, म्हणजे घराला गरम हवा पुरवणारं यंत्र, तसा चालत नाही. त्याचा पंखा अख्ख्या घराच्या हवेसाठी बसवलेला असतो. तोंडं बंद केली की डक्टमधला (हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब वाढतो आणि सांध्यांच्या फटींतून गरम हवा माळ्यावर किंवा बेसमेंटमध्ये निसटते. साधारण घरात एरवीही 20 ते 30 टक्के हवा अशीच वाया जाते. शिवाय हवा कमी खेळल्याने हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग) जास्त तापतो, सुरक्षा स्विच बर्नर बंद करतो, आणि हे सतत घडलं तर एक्स्चेंजरला तडा जाऊ शकतो. तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची भीती, म्हणून हे मी कळकळीने सांगतेय. डिटेक्टर लावलेला असू द्याच.

एखादा व्हेंट थोडासा ओढून घेतला तर सहसा बिघडत नाही. खरी बचत हवी असेल तर डक्टचे सांधे मॅस्टिकने (फटी बुजवायच्या लेपाने) बुजवा, फिल्टर वेळेवर बदला, रात्री थर्मोस्टॅट दोन-तीन अंश उतरवा. रिटर्नच्या, म्हणजे हवा परत फर्नेसकडे ओढणाऱ्या, जाळीसमोर सोफा तेवढा ठेवू नका.