मोडी कागदांचा रुमाल सोडण्याआधी

माळ्यावरच्या ट्रंकेतून सासऱ्यांनी जपलेला मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा, निघाला, तेव्हा घरात सगळे म्हणाले, लॅमिनेट करून टाकू. मी आडवी आले. तुमच्याकडे असा रुमाल असेल तर तुम्हीही आडवे या. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक धडपणे सुटत नाही. सेलोटेपही नकोच, त्याचा चिकट थर पिवळा होऊन कागदात मुरतो.

आधी हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. ही शाई काजळ नि डिंकाची. उजेडाने ती सहसा विटत नाही, पण ओलं बोट लागलं की पसरते. म्हणून थुंकी लावून पान उलटायची सवय इथे विसरा. घडी उघडत नसेल तर जोर न करता तशीच ठेवा.

मग कागद वेगळे करा. आमच्या रुमालात १९४०च्या सुमाराची वर्तमानपत्राची कात्रणं होती, हातात घेताच त्यांचा चुरा झाला. त्यांच्याहून कितीतरी जुनी पत्रं मात्र अजून मऊ. जुना हातकागद चिंध्या आणि तागाच्या लांब धाग्यांचा असे. जुन्नरला तो बने, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही. त्यावर खळ चढवून दगडाने घोटत, म्हणून बोरू सरसर चालायचा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल तयार होतं आणि ते शेजारच्या कागदालाही डागाळतं. आमच्या एका खरेदीखतावर कात्रणाचा चौकोनी तपकिरी ठसा कायमचा उमटला आहे, मला तो बघवत नाही. तेव्हा कात्रणं आजच बाजूला काढा. गंजक्या टाचण्याही हलक्या हाताने काढा.

बांधायला दोनतीनदा धुतलेलं पांढरं सुती कापड घ्या. कोऱ्या कापडात खळ असते आणि कसर या किडीला खळ आवडते. कागदातही खळ आहेच, त्यामुळे वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवा, कागदाला चिकटून नको. गाठ सैल मारा. नोंद करायची तर कागदावर काहीही न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने करा.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नसावं. पावसाळ्यात रुमाल सोडू नका. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, एक दुपार सावलीत पसरून ठेवा आणि तेव्हाच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मोडी वाचणाऱ्याला ते फोटोच पाठवा, मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नका. आमचा पहिला वाचला गेलेला कागद बैलजोडीच्या खरेदीचा निघाला. त्यात दोन्ही बैलांचे रंगही लिहिले होते.