जुन्या विमानाला नवं इंजिन: प्रोजेक्टला हात घालायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

बेळगावात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची पोरं सेमिनारला हा विषय घेतात ते बरंच आहे, सांबऱ्याला उतरणारी विमानं डोक्यावरनं जातात, हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात, मग घ्यावासा वाटणारच. पण बसल्या बसल्या थ्रस्ट (इंजिनाची पुढं ढकलायची ताकद) आणि इंधनाचा तक्ता करू नका, आधी सांगाडा बघा. किती उड्डाणं झालीत, केबिनमध्ये हवा भरून आणि सोडून पत्रा किती थकलाय, गंज कुठं लागलाय, हे सगळं लिहून काढा. उद्यमबागेत जुन्या लेथला नवी मोटर घालताना आधी बेड किती झिजलाय बघतात की, तसंच हे.

मग पंखाखालची जागा मोजा, आणि इथं वेळ घालवा कारण अर्धं काम इथंच अडतं. नवं इंजिन इंधन कमी खातं ते मुख्यतः पुढच्या मोठ्या फॅनमुळं, आणि फॅन मोठा म्हणजे इंजिन जाड. डीसी-८ या जुन्या जेट विमानाचे चाकांचे पाय उंच, म्हणून १९८० च्या दशकात ११० विमानांची जुनी जेटी३डी इंजिनं काढून नवी सीएफएम५६ इंजिनं बसवता आली आणि त्यातली बरीच पुढं कितीतरी वर्षं माल वाहत राहिली. बोईंगचं ७३७ पहिल्यापासून बुटकं, त्याच्या ३०० मॉडेलला १९८४ मध्ये सीएफएम५६ देताना इंजिन पंखाच्या पुढं सरकवलं, गिअरबॉक्स वगैरे बाजूला नेलं आणि कव्हर खालून चपटं केलं. ७३७ च्याच पुढच्या मॅक्स मॉडेलला त्याहून मोठं लीप इंजिन आलं, ते आणखी पुढं आणि वर गेलं, काही परिस्थितीत नाक वर जायचा कल वाढला म्हणून नाक आपोआप खाली ढकलणारं एमसीएएस नावाचं सॉफ्टवेअर घातलं, ते एकाच सेन्सरवर विसंबून होतं आणि पहिला अपघात होईपर्यंत पायलटांना त्याबद्दल सांगितलंच नव्हतं. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ च्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. त्यामुळं पायलटच्या हाताला काय वेगळं लागेल यावर रिपोर्टात एक पान ठेवाच पोरांनो, हात जोडून सांगतोय, ते गाळू नका.

वजनाचा हिशोब दोन्ही बाजूंनी करा. इंजिन जड झालं तर काय होईल ते सगळे बघतात, हलकं झालं तर कुणी बघत नाही. डीसी-३ या जुन्या पिस्टन इंजिनाच्या विमानाला टर्बोप्रॉप (टर्बाइननं पंखा फिरवणारं इंजिन) घालून बासलर कंपनी बीटी-६७ नावाचं विमान बनवते, टर्बोप्रॉप हलकं, म्हणून तोल राखायला पंखाच्या पुढं बॉडी ४० इंच वाढवावी लागली. शिवाय एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याच्या जास्त ताकदीला रडर (शेपटीवरचं सुकाणू) पुरेल का, नव्या वजनानं पंख थरथरायला लागेल का, हे तपासा.

पैशाचं गणित प्रवासी आणि कार्गो असं वेगळं मांडा. प्रवासी विमान दिवसभर उडतं, इंधनाच्या बचतीतनं खर्च लवकर भरून निघतो, कार्गोचं जुनं विमान तेवढं उडत नाही, तिथं खर्च वसूल व्हायला वेळ लागतो, मग कधीकधी कारण आवाजाचा नियम असतो. यूपीएस या अमेरिकन पार्सल कंपनीनं १९९० च्या दशकात आपल्या बोईंग ७२७-१०० विमानांना रोल्स-रॉइस टे इंजिनं लावली ती मुख्यतः आवाजासाठी. बोईंगनं आपल्या जुन्या ७०७ विमानावर सीएफएम५६ लावून १९७९ मध्ये उडवून बघितलं, पण विकायला काढलं नाही, आणि त्याच वंशातल्या, हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणाऱ्या केसी-१३५ टँकरना मात्र अमेरिकन हवाई दलानं चारशेच्या वर संख्येनं हीच इंजिनं बसवली. असं का झालं यावर दोन ओळी लिहा, व्हायव्हात हमखास विचारतील.

राहिलेलं पटापट: इंजिनातनं केबिनला लागणारी गरम हवा, जनरेटर, आग विझवायची व्यवस्था, नवीन वायरिंग, कॉकपिटमधले मीटर, आणि डीजीसीएच्या (देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या) मंजुरीसाठी कुठले कागद लागतात त्याचं एक पान.