पुन्हा धावायला लागताय? दम लवकर परत येतो, पाय उशिरा : या चुका टाळा

मोठ्या खंडानंतर धावायला लागलेली माणसं पहिल्या आठवड्यात सहसा जायबंदी होत नाहीत. तेव्हा सगळेच जपून असतात. धाप लागते, पोटऱ्या भरून येतात, त्यामुळे आपसूकच कमी धावलं जातं. दोन-तीन आठवड्यांत दम सुधारतो, अंग हलकं वाटायला लागतं, जुना वेग आठवतो आणि एखाद्या सकाळी अंतर एकदम दुप्पट होतं. नडगी, टाच किंवा गुडघा कुरकुरायला लागतो तो त्यानंतर.

हे का होतं ते समजून घेतलं, की बाकीच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात. व्यायाम थांबला की रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, थोड्याच दिवसांत कमी होतो. पण धावणं सुरू केलं की तो तितक्याच चटकन, आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतो. प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त रक्त ढकलतं आणि दम पुरायला लागतो. कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांना, मात्र मुळातच रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्यांना बळकट व्हायला महिने लागतात. हाडाची तर गोष्टच वेगळी. नवा ताण आला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. या एका फेरीला साधारण तीन ते चार महिने लागतात आणि मधले काही आठवडे ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. नेमकं त्याच काळात छाती सांगत असते, अजून जमेल. शिवाय धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. म्हणून पहिले तीन-चार महिने केवळ दम उरला एवढ्यावरून अंतर वाढवायचं नाही.

जुन्या वेळा डोक्यात ठेवून धावणं

पूर्वी ५ किलोमीटर किती मिनिटांत व्हायचे हे प्रत्येकाला पाठ असतं. ती वेळ तुमचीच होती, पण तेव्हाच्या सरावाची होती. अॅपमधला जुना इतिहास काही महिने उघडूच नका, असं मी आग्रहाने सांगेन.

वेग ठरवायला सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे बोलता येणं. धावता धावता एक पूर्ण वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. घड्याळातल्या हृदयगतीच्या झोनवर, म्हणजे ठोक्यांच्या ठरावीक टप्प्यांवर, विसंबणारे पुष्कळ असतात. पण ते झोन अनेकदा मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती हे सांगणाऱ्या ‘२२० वजा वय’ या सूत्रावर बेतलेले असतात आणि ते सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत सहज १०-१२ ठोक्यांनी चुकतं. घड्याळ आणि श्वास यांचं जुळत नसेल, तर श्वासावर विश्वास ठेवा.

चालणं म्हणजे हार, असं मानणं

ही समजूत फार नुकसान करते. जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघात निवडले गेले होते. त्यांनीच पुढे धावणं आणि चालणं आलटून पालटून करण्याची पद्धत लोकप्रिय केली. १९९६ मध्ये जॉश क्लार्क यांनी तयार केलेला ‘काउच टू ५के’ हा नवख्यांना ५ किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रमही याच तत्त्वावर चालतो. त्याच्या पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. कधीकाळी अर्धमॅरेथॉन धावलेल्याला हे पोरकट वाटेल, तरी त्यानेही इथूनच सुरुवात करावी, कारण कंडरांना जुन्या पदकांचा उपयोग नसतो.

त्याआधी एक साधी परीक्षा घ्या. ३० मिनिटं भरभर चालून दुसऱ्या दिवशी कुठेही दुखत नसेल, तर धावायला लागा. दुखत असेल तर आणखी काही दिवस चालणंच ठेवा. आठवड्यातून तीन दिवस धावणं पुरे, आणि दोन धावांमध्ये एक दिवस मोकळा हवाच.

१० टक्क्यांचा नियम चुकीच्या जागी लावणं

आठवड्याचं एकूण अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर हा नियम तपासला गेला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियम पाळणारा गट आणि नेहमीचा, जास्त वेगाने अंतर वाढवणारा गट, दोन्हींत सुमारे २० टक्के लोकांना दुखापत झाली. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका धावेतली उडी जास्त महागात पडलेली दिसली. मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त अंतर एकाच दमात धावणाऱ्यांना दुखापतीचा धोका स्पष्टपणे जास्त होता.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की महिन्यातली सर्वांत लांब धाव ५ किलोमीटरची असेल, तर पुढची साडेपाचपर्यंत ठीक. मित्रांसोबत निघालात, गप्पा रंगल्या आणि आठ झाले, तर आठवड्याची बेरीज कितीही नीटस असो, ती उडीच आहे. बुडलेल्या दिवसांची भरपाई रविवारी एकदम करणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू. बुडाले ते बुडाले.

दुखण्याचा अर्थ न लावता धावत राहणं, किंवा घाबरून सोडून देणं

दोन्ही टोकं वाईट. दुखतंय कुठे आणि कधी, एवढं नीट पाहिलं तरी बरंच कळतं.

नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली या. वीतभर पट्टा ठणकत असेल, तर बहुधा ताण जास्त झालाय. धावणं थांबवून चालण्यावर या, दुखणं ओसरलं की कमी अंतराने सुरू करा. पण एकाच बिंदूवर बोट ठेवल्यावर कळ निघत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक भेग, असू शकतं. तिथे घरगुती उपाय नको, धावणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे जायचं.

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली चार पावलं टाचेखाली टोचत असतील आणि मग मोकळं वाटत असेल, तर ती तळव्याच्या पडद्याची, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याची, तक्रार. जिना उतरताना किंवा फार वेळ बसून उठताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, ती धावणाऱ्यांची नेहमीची गुडघेदुखी. यावर पावलं जरा आखूड आणि भरभर टाकणं उपयोगी पडतं. मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, की गुडघ्यावरचा भार कमी होतो. मिनिटाला १८० पावलांचा आकडा मात्र गाठायला जाऊ नका. तो १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या धावपटूंच्या निरीक्षणातून आलाय आणि ते शर्यतीच्या वेगाने धावत होते.

टाचेमागची कंडरा सकाळी आखडत असेल, तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम १९९८ पासून वापरात आहे. रोज दोनदा, १५-१५ चे तीन संच, १२ आठवडे. खरं तर दुखणं नसतानाही आठवड्यातून दोनदा टाचा उचलणं आणि स्क्वॉट्स करावेत. धावण्यासाठी वेळ काढणारे नेमकं हेच वगळतात.

वॉर्मअपबद्दल थोडक्यात : थंड स्नायू ताणून धरल्याने दुखापत टळत नाही. पाच मिनिटं चाला, पाय मोकळे झुलवा, मग सावकाश सुरू करा. कपाटात वर्षानुवर्षं पडलेले बूट घालण्याआधी सोल वाकवून पाहा. फोम कडक झाला असेल किंवा टाच एका बाजूला झिजली असेल, तर नवे घ्या.

सगळ्यांना एकच वेळापत्रक लावणं

बाळंतपणानंतर किमान १२ आठवडे धावू नये, असं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे, आणि त्यानंतरही लघवी गळणं किंवा ओटीपोटात जडपणा जाणवला तर थांबून तपासणी करावी. अंगात ताप असताना धावायचं नाही. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोला. धावताना छातीत दाटणं, चक्कर येणं किंवा ठोके चुकल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही झालं तर जागीच थांबून त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्या.

महिन्याभरावरच्या स्पर्धेत नाव नोंदवणं

ध्येय हवंच, त्याशिवाय पहाटेचा गजर ऐकू येत नाही. पण तारीख हाडांच्या हिशोबाने निवडा, म्हणजे आजपासून किमान चार महिन्यांनंतरची. तोवरचं ध्येय वेळेचं नको, दिवसांचं ठेवा : ठरवलेल्या तीन दिवसांपैकी किती दिवस बाहेर पडलो. पहिली स्पर्धा ५ किंवा १० किलोमीटरची असू द्या. नोंदणीचं बटण दाबायचं ते तीस मिनिटं सलग धावून दुसऱ्या दिवशी जिना न दुखता उतरता आला, की मग.