बालगृहाची तक्रार दाबली गेली, तर जाब कोणाला आणि कसा विचारायचा

बालगृह, वसतिगृह किंवा आश्रमशाळेतलं अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं की सरकारचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्याकडे तक्रारच आली नव्हती.’ हे वाक्य खोडून काढता आलं तरच पुढे काही होतं. त्यासाठी कागदावर तीन गोष्टी लागतात. अमुक अधिकाऱ्याला अमुक तारखेला कळलं, कायद्याने त्याला इतक्या मुदतीत काय करायचं होतं, आणि त्याने ते केलं नाही. भाषणं, मोर्चे, फलक हे सगळं त्यानंतर.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या अत्याचाराचं प्रकरण तारखांमुळेच पेटलं. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाचा सोशल ऑडिट (संस्थांच्या कारभाराची तपासणी) अहवाल एप्रिल २०१८ मध्ये बिहार सरकारच्या हातात होता; गुन्हा नोंदला गेला मेअखेरीस. पुढे मुख्य आरोपीशी पतीचा फोनवर संपर्क असल्याचे आरोप झाल्यावर समाजकल्याण मंत्री मंजू वर्मा यांना ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला.

आधी गुन्हा

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्याविरुद्धची माहिती दडवली, तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर चालत नाही, शून्य क्रमांकाने (हद्द न बघता, मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा) गुन्हा नोंदवावाच लागतो. नकार मिळाला तर तीच तक्रार त्याच दिवशी परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टने पाठवा आणि त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करा. बदलापुरात शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले ते गुन्हा नोंदवण्यात झालेल्या विलंबामुळेच, आणि दोनच दिवसांत उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाईलवर जबाब तर मुळीच रेकॉर्ड करू नका. बचाव पक्ष ‘मुलाला पढवलं’ म्हणायला मोकळा होतो. मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. आमदाराला, पत्रकाराला, बाल हक्क आयोगाला जाणाऱ्या प्रत्येक कागदावर ‘बालक क्र. १’ असंच लिहा. तपशिलाचा कागद फक्त पोलिसांकडे आणि बाल कल्याण समितीकडे. एफआयआरची प्रत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणारे हितचिंतकच अनेकदा घात करतात.

खातं कोणतं?

इथे महिने वाया जातात. बालगृह महिला व बाल विकास विभागाखाली येतं, त्याचं आयुक्तालय पुण्यात. दिव्यांग मुलांची निवासी शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे, मागासवर्गीय मुलांचं वसतिगृह सामाजिक न्यायकडे. मुंबईतली माध्यमिक शाळा असेल तर उत्तर, दक्षिण किंवा पश्चिम विभागाचे शिक्षण निरीक्षक. शिवाय मुंबईत जिल्हे दोन: शहर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय फोर्टात, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. बाल कल्याण समितीच ढिम्म असेल तर तिच्या कारभाराविरुद्धची तक्रार बाल न्याय कायद्याच्या कलम २७ नुसार जिल्हाधिकारी ऐकतात, हे फार कमी जणांना माहीत असतं.

पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा

दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही हवेत. नुसती सही ही पोच नव्हे. मंत्र्यांच्या स्वीय सहायकाच्या हातात ‘वैयक्तिक’ म्हणून दिलेलं पत्र बहुतेक वेळा टपालात नोंदलंच जात नाही. ओळख कितीही असो, टपाल शाखेत जा. स्पीड पोस्टने पाठवलंत तर पावतीसोबत पोहोचल्याच्या नोंदीची छापील प्रतही ठेवा.

पत्राच्या शेवटी २००५ च्या दफ्तर दिरंगाई कायद्याचा (सरकारी कामातला उशीर रोखणारा राज्याचा कायदा) उल्लेख करा. त्यातल्या कलम १० प्रमाणे नस्ती (फाईल) एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, जायची असेल तर तीन महिन्यांत. मुद्दाम किंवा हलगर्जीपणाने उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. ४६ व्या दिवशी एका ओळीचं स्मरणपत्र द्या: ‘नस्ती क्रमांक आणि ती सध्या कोणाकडे आहे ते कळवावे.’

माहिती अधिकार: मुलाबद्दल नव्हे, यंत्रणेबद्दल विचारा

बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ नुसार तपासणी समितीने प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. पथकात किमान तीन जण, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्याभरात द्यायचा आणि त्यावर एका महिन्यात कारवाई व्हायची. म्हणजे वर्षाला निदान चार अहवाल हवेत. ते नसतील तर ‘तक्रार आली नव्हती’ या बचावातली हवाच निघून जाते, कारण सरकारला स्वतःहून जाऊन बघायचंच होतं.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांपर्यंतचा आणि एकाच विषयाचा लागतो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. म्हणून तीन वेगळे अर्ज करा: तपासणी अहवाल, अहवालांवरची कारवाई, आणि तुमच्या तक्रारीची नस्ती. तिसऱ्या अर्जात नुसत्या प्रती मागू नका, नस्तीचं अवलोकन, म्हणजे ती स्वतः बघायला मागा. पत्रव्यवहाराची बाजू सगळेच दाखवतात, खरा मामला टिपणीच्या बाजूला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांच्या पानांवर असतो. कक्ष अधिकाऱ्याने ‘चौकशी प्रस्तावित’ लिहिलं, वर कोणीतरी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आणि नस्ती तिथेच मुरली, हे तिथे सही आणि तारखेसकट सापडतं.

तपासात अडथळा येईल म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(एच) खाली नकार येतोच. अपिलात एवढंच म्हणा: तपासाचे कागद नकोत, कार्यालयीन तारखा हव्यात, मुलांची नावं कलम १० प्रमाणे झाकून द्या. पहिलं अपील ३० दिवसांत, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसरं अपील ९० दिवसांत करायचं, पण माहिती आयोगाकडे रांग मोठी आहे, त्याच्या भरवशावर बसू नका.

विधानभवन

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. आमदारांना सभागृहातले प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर आमदाराकडे गेलात तर लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा (सभागृहात तातडीचा विषय मांडायचे मार्ग) एवढंच उरतं. विरोधी पक्षाचाच आमदार हवा असं काही नाही. महिला व बालकांचे हक्क व कल्याण समितीवरचा सत्ताधारी सदस्य कधीकधी जास्त कामाचा.

मसुदा तुम्हीच लिहून न्या. ‘बालगृहात अत्याचार होत आहेत, हे खरे आहे काय?’ असं विचारलंत तर ‘हे खरे नाही’ या तीन शब्दांत विषय संपतो. असं लिहा:

(१) उक्त संस्थेबाबतची तक्रार अमुक आवक क्रमांकाने अमुक दिनांकास विभागास प्राप्त झाली, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, मागील चार तिमाहींत तपासणी समितीने कोणत्या दिनांकास भेट दिली व अहवालावर काय कारवाई केली;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत व त्यास जबाबदार अधिकाऱ्यांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे?

पहिल्याला नकार देणं मंत्र्यांना कठीण जातं, शिक्क्याची प्रत आमदाराच्या हातात असते. उत्तरात ‘चौकशी करून कारवाई करू’ आलं की ते सभागृहातलं आश्वासन झालं. कार्यवाहीतलं ते पान मिळवा आणि पूर्तता झाली नाही तर विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे (मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी) त्या पानासह अर्ज द्या.

राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे समांतर तक्रार करावी. चौकशीत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, शिफारशी मात्र बंधनकारक नाहीत. तरी आयोगाचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवताना कोणती शिफारस का नाकारली हे सरकारला सांगावं लागतं, म्हणून शिफारस लेखी आणि तारखेसह मिळवणं महत्त्वाचं.

उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर ‘आधी कोणाकोणाकडे गेलात?’ हा पहिला प्रश्न असतो. वरचे शिक्के तारखेच्या क्रमाने लावून एका पानाचा तक्ता करा: तारीख, कार्यालय, आवक क्रमांक, कायद्याची मुदत, प्रत्यक्षात काय झालं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि बालकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मूळ कागद कोणालाच देऊ नका, वकिलालाही नाही. लढा लांबतो: कुलाब्याच्या अँकरेज या अनाथाश्रमातल्या अत्याचाराच्या प्रकरणात तक्रार २००१ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०११ चा.